टॅगोबा

टॅगोबाकडे ४० हजार गाणी आहेत. हा आकडा तो आपण होऊन सांगत नाही, तुम्ही विचारायची वाट बघतो. विचारलंत की "डुप्लिकेट धरून की वगळून?" असा उलटा प्रश्न टाकतो, आणि तुम्ही या क्षेत्रातले नाही हे दोघांनाही कळून चुकतं.

वय पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यान. बँक, एलआयसी किंवा पाटबंधारे खातं यांपैकी कुठूनतरी निवृत्त झालेला. आयुष्यभर आवक-जावक बारनिशी सांभाळलेल्या हाताला निवृत्तीनंतर चैन पडत नाही, आणि भाजी निवडायला घेतली तर बायको हातातून जुडी काढून घेते. मग तो संगणक उघडतो. तिथे तीस वर्षांचा पसारा मांडी घालून बसलेला असतोच. टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या मैफली असतात, फुटपाथवर घेतलेल्या 'एका सीडीत १५० गाणी' असतात, भाच्याच्या हार्ड डिस्कवरून रात्रभर कॉपी करून घेतलेला, अजून न उघडलेला माल असतो. फोल्डरांची नावं 'न्यू फोल्डर (३)', 'जुनी नवीन गाणी', 'आईची – डिलीट करू नये' अशी. निम्म्या फायलींचं नाव 'ट्रॅक ०१' आणि गायक 'अननोन आर्टिस्ट'. या अननोन आर्टिस्टएवढं गाऊन ठेवलेला गवई हिंदुस्थानात दुसरा नाही. त्याने दरबारी गायलाय, लावणी गायलीय, भीमरूपी म्हटलीय, आणि सोसायटीची पाऊण तासाची वार्षिक सभाही त्याच्याच नावावर आहे. त्या सभेला टॅगोबाने 'समूहगान' हा प्रकार दिला आहे. मला तरी त्यात काही चूक दिसत नाही.

एमपीथ्री फायलीला नावगाव चिकटवायची सोय १९९६ साली निघाली. फायलीच्या शेपटीला १२८ बाइटची चिठ्ठी, म्हणजेच टॅग. गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, गायकाला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३०, आणि संगीताचा प्रकार सांगायला फक्त एक आकडा. प्रकारांच्या मूळ यादीत ऐंशी नावं होती. त्यात पोल्का आहे, डेथ मेटल आहे, 'प्रँक्स' म्हणजे चक्क थट्टामस्करी आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही, अभंग नाही, लावणी नाही. टॅगोबाने एकदा मन घट्ट करून सगळं नाट्यसंगीत 'शोट्यून्स'मध्ये टाकलं. रात्री दोनला उठून ते परत बाहेर काढलं. "बालगंधर्व आणि शोट्यून्स!" एवढंच तो बायकोला म्हणाला. बायकोने कूस बदलली.

त्या तीस अक्षरांनीही त्याला पुरतं छळलं. २००८ साली भीमसेनांना भारतरत्न जाहीर झालं, तेव्हा त्याने भरल्या गळ्याने त्यांच्या सगळ्या फायलींवर रोमन लिपीत 'भारतरत्न पंडित भीमसेन जोशी' असं लावून टाकलं. रोमनमध्ये ते बत्तीस होतं. शेवटची दोन अक्षरं गळाली आणि मोटारीतल्या जुन्या प्लेअरवर 'भीमसेन जोस' असं झळकू लागलं. गदगचे पंडितजी दोन अक्षरांत मडगावला जाऊन पोचले. खरं तर चिठ्ठी तोवर मोठी झाली होती, तिच्यात देवनागरीही मावत होती. पण ती वाचता यायला प्लेअर शिकलेला हवा. एक प्लेअर सगळ्या मराठी गायकांच्या जागी नुसते चौकोन दाखवी. दुसरा अक्षरं दाखवी, पण वेलांटी वेगळी काढून. 'ग. दि. माडगूळकर' मधली 'दि' फुटून तिची वेलांटी दूर लोंबकळत राहायची. ती बघितली की टॅगोबाच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं महाभारत मात्र गंधर्वांवरून झालं. एका सॉफ्टवेअरमध्ये 'कलाकार आडनावाप्रमाणे लावा' अशी सोय होती. त्याने बटण दाबलं आणि बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व एका बिऱ्हाडात राहायला आले. राजहंस, कुंदगोळकर, गोरे आणि कोमकली हे चौघे सख्खे भाऊ झाले. शिवाय आनंद गंधर्व म्हणवले जाणारे आनंद भाटे हे त्यांच्या मागच्या खोलीत. "अहो, ती पदवी आहे, आडनाव नाही!" असं तो पडद्याला ओरडून सांगत होता. शेवटी त्याने चौघांना खऱ्या आडनावांत हलवलं. पुढच्याच आठवड्यात साडूने बालगंधर्वांचं पद मागितलं आणि ते सापडेना, कारण ते 'राजहंस, नारायण श्रीपाद' खाली होतं आणि खुद्द टॅगोबाच ते विसरला होता. आता प्रत्येक पद दोन्हीकडे आहे. तेव्हापासून "डुप्लिकेट धरून की वगळून" हा प्रश्न आला.

याच सुमारास, पहिल्या नावाप्रमाणे लावताना, किशोर कुमार आणि किशोरी आमोणकर शेजारी आले. वर्णानुक्रमाला कुणाचा इलाज नाही. यॉडलिंग संपून शेवटचा सूर हवेत असतानाच भूप सुरू होतो. टॅगोबाच्या नातवाला भूप आवडतो तो एवढ्याचसाठी.

बारकाव्यात शिरला की माणूस गोड होतो. 'साधी माणसं'ची गाणी घेतली, साल १९६५. गायिका लता मंगेशकर. संगीतकार? आनंदघन. आणि आनंदघन म्हणजे कोण, तर पुन्हा लता मंगेशकर. आता खरं नाव लिहावं की टोपण? दोन दिवस तो जेवताना गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "त्यांनी स्वतः सांगितलं नव्हतं ना? मग आपण कोण चव्हाट्यावर आणणारे?" संगीतकाराच्या रकान्यात त्याने 'आनंदघन' ठेवलं आणि शेऱ्याच्या रकान्यात, कंसात, अगदी दबक्या आवाजात लिहिल्यासारखं, 'ल. मं.'.

घरी आलेल्या प्रत्येकाला गौहरजानची गोष्ट ऐकावी लागते. १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गाणं संपताच तिने इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं म्हणून. "हिंदुस्थानातला पहिला टॅग!" टॅगोबा मांडीवर थाप मारतो. "आणि बघा, फाईल कितीही वेळा कॉपी करा, हा टॅग पुसला जात नाही." त्याच्या मते पुढच्या गवयांनी ही पद्धत सोडली तिथेच सगळं बिघडलं. भीमसेनांनी प्रत्येक बडा ख्याल संपल्यावर नाव, राग, ताल आणि तबलजी एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

तुम्ही म्हणाल, हा ऐकतो केव्हा? त्याने हिशोब केलाय. ४० हजार गाणी, सरासरी पाच मिनिटं धरली तर दोन लाख मिनिटं, म्हणजे ३,३३३ तास. रोज तीन तास ऐकलं तरी तीन वर्षं. "मग टॅग कोण लावणार?" तो प्रत्येक गाण्याची वीस सेकंदं ऐकतो. तेवढ्यात राग, गायक, घराणं निश्चित होतं, आणि पुढच्या फायलीवर क्लिक. त्याच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत एकही बंदिश समेवर आलेली नाही.

"एखादं गाणं तरी लावा की," असं पाहुण्याने म्हणू नये. तो हौसेने उठतो, बागेश्री शोधायला बसतो आणि त्याच्या लक्षात येतं की बागेश्री एके ठिकाणी दीर्घ 'श्री'ने आहे, एके ठिकाणी ऱ्हस्व, एके ठिकाणी बागेसरी आणि एका फोल्डरात, देव जाणे कुणी, भागेश्री. "एक मिनिट हं," तो म्हणतो. चहा येतो, चहावर साय येते. पाहुणा भिंतीवरचं कॅलेंडर जुलैपर्यंत वाचून काढतो. स्वयंपाकघरात मोबाईलवर विविध भारती लागलेली असते आणि काकू तिच्याबरोबर गात भांडी लावत असतात. पाहुण्याला गाणं ऐकायला मिळतं ते तेवढंच. निघताना टॅगोबा सांगतो, "आता बागेश्री एकदम स्वच्छ झालाय. पुढच्या वेळी निवांत या."

मुलगा न्यू जर्सीहून सांगतो, "बाबा, सगळं फोनवर मिळतं आता." टॅगोबाने ते ॲप घेऊन पाहिलं. गीतकाराचं नावच नाही, संगीतकार गायकांच्या रांगेत उभा, १९५० सालच्या गाण्याखाली ते पुन्हा बाजारात आणल्याचं साल. त्याने कंपनीला तपशीलवार पत्र धाडलं, पुरावा म्हणून कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांच्या हिंदी फिल्म गीतकोशाचे पृष्ठक्रमांक देऊन. 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' असं यंत्राने पाठवलेलं उत्तर आलं. ते 'पत्रव्यवहार – आवक' या फोल्डरात तारीखवार लावलेलं आहे.

त्याला हसणं सोपं आहे, मीही हसतो. पण एखाद्याच्या वडिलांनी कुठल्याशा वाड्यात उतरवलेली, अर्ध्या तानेत संपलेली कॅसेट आली की गावभर फिरून ती शेवटी याच्याकडेच येते. तो तबल्यावरून माणूस ओळखतो, माणसावरून काळ ठरवतो आणि मागे सुरू झालेली स्कूटर लॅम्ब्रेटा आहे म्हणून तो काळ आणखी मागे ढकलतो. हे काम पगार देऊनही कुणी केलं नसतं.

आता रामनवमीचं. सोसायटीत गीतरामायण लावायचं ठरलं आणि पेन ड्राइव्ह अर्थातच टॅगोबाचा. गाणी छप्पन्न. रामजन्म सहावा, तो बरोबर बाराला लागावा म्हणून त्याने पहिल्या पाच गाण्यांच्या मिनिटा-सेकंदांची बेरीज करून प्ले दाबायची वेळ काढून दिली होती. पण मंडळाच्या प्लेअरला गणित येत नव्हतं. एक, दहा, अकरा, बारा असं करत तो निघाला. बाराच्या सुमाराला पाळण्याची दोरी हातात घेतलेल्या बायकांना सीतेचं स्वयंवर आटोपल्याची बातमी मिळाली. रामजन्म शेवटून चौथा आला, तेव्हा सुंठवडाही संपला होता आणि माणसंही.

टॅगोबाने ते मनाला लावून घेतलं. वर्षभरात एक ते नऊ आकड्यांच्या आधी शून्य बसलं. सुधीर फडक्यांच्या आवाजातल्या रेकॉर्डींना साल १९५५चं द्यायचं, पुणे आकाशवाणीवर मालिका सुरू झाली ते, की रेकॉर्ड निघाल्याचं, याचाही निकाल लागला. गायकाच्या रकान्यात कवीचं नाव आधी, मग फडक्यांचं, सगळं देवनागरीत. नवीन प्लेअरसाठी मंडळाकडे वर्गणीही त्यानेच वाढवून दिली.

या वर्षी पेन ड्राइव्ह लावला, वेळेवर प्ले दाबलं, आणि ज्या पोराने दाबलं त्याने सवयीने शफलही दाबलं. ठीक बारा वाजता, पाळणा हलत असताना, वालीवध सुरू झाला. कुणीतरी "काकांना बोलवा" म्हणेपर्यंत काका बनियनवर तीन जिने उतरून खाली आलेच होते. पोरगं स्पीकरमागे लपलं. अध्यक्ष मध्यस्थीसाठी पुढे झाले. टॅगोबा कुणाकडे न बघता प्लेअरसमोर वाकला, चष्मा कपाळावर चढवला, पडद्यावरून सरकणारी नावाची ओळ पुरती वाचली आणि त्या पोराला हाताला धरून बाहेर ओढलं.

"हे बघ," तो म्हणाला. "गदिमांची वेलांटी! जागेवर आहे!"