सर्व्हरच्या पोटातील मुखत्यार

मुक्तस्रोत लिनक्सचा अभिमानी प्रशासक, यंत्राची ओळ न् ओळ आपल्या नजरेखालची आहे अशा समाधानात, 'आयपीएमआयटूल'द्वारे पंख्यांची गती आणि तापमान यांची हजेरी घेतो तेव्हा, ही माहिती पुरविणारा मदरबोर्डवरील स्वतंत्र नियंत्रक, मुख्य यंत्र बंद असतानाही जागा असणारा, पुष्कळदा लिनक्सवरच चालणारा, तरी उत्पादकाच्या कुलपात राहणारा, हाच खरा मुखत्यार होय, हे त्याच्या ध्यानी येत नाही. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी या कारभाराची सनद, म्हणजे 'आयपीएमआय' हे मानक, लिहिली. २००४च्या दुसऱ्या आवृत्तीत तर, वैध नाव उच्चारणाऱ्या कोणाही आगंतुकाच्या हाती, ओळख पटण्यापूर्वीच, परवलीच्या शब्दाचा हॅश ठेवण्याचे औदार्य अवतरले. (एवढ्यावर किल्लेदाराचे वतन जप्त झाले असते.) तज्ज्ञांचा सल्ला असा, की या मुखत्यारास वेगळ्या जाळ्यावर नजरकैदेत ठेवावे.