क्रूझचा मुकादम

सिएटलच्या आसपास रेडमंड, बेलव्ह्यू, बॉथेल अशा गावांत जी मराठी घरं आहेत, त्यांतल्या चार-पाच घरांमागे एका घरात तरी अलास्काच्या क्रूझचं घाटत असतं. आणि जिथे घाटत असतं तिथे एक माणूस हमखास सापडतो. आमच्याकडे तो दादा आहे, माझा सख्खा चुलतभाऊ. वय पंचेचाळीस, नोकरी संगणकाची, प्रकृती मुकादमाची.

पूर्वी लग्नघरात एक अण्णा असायचे. मुहूर्ताला ते मांडवात कधी दिसले नाहीत. कोठीघराची किल्ली जानव्याला बांधून नारळ मोजत बसलेले असायचे. जिलब्या किती उरल्या ते त्यांना तोंडपाठ, नवरी कोणत्या रंगाची साडी नेसली होती ते मात्र फोटो आल्यावर कळायचं. अमेरिकेत लग्नं हॉलवाले लावून देतात. कोठी गेली, किल्ली गेली, आणि अण्णांची सगळी जमात बेकार झाली. मग तिला क्रूझ सापडली.

दादाला समुद्राचं वेड आहे असं कुणी समजू नये. चिपळूणचा माणूस, गुहागरच्या पुळणीत लहानाचा मोठा झाला. त्याला वेड आहे जहाजाच्या नकाशाचं. गणपतीत आरती झाली, खिरापत वाटून व्हायची होती, तेवढ्यात त्याने जाहीर केलं, "पुढच्या जूनमध्ये आई-बाबा इथे असतील. तेव्हा अलास्का. दहा माणसं." कुणी हो म्हणायच्या आत व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला होता आणि त्यात केबिनचे नकाशे येऊन पडले होते.

केबिन निवडणं म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. ती जहाजाच्या मधोमध हवी, कारण टोकाला हेलकावे जास्त. फार वरच्या मजल्यावर नको, कारण डोलणं वर जास्त जाणवतं. लिफ्टच्या जवळ हवी, पण लिफ्टला लागून नको. डोक्यावर बुफे नको, पहाटेपासून खुर्च्या ओढतात. पायाखाली थिएटर नको, रात्री ढोल वाजतात. वर केबिन, खाली केबिन, मध्ये आपण. मुलीचं स्थळ बघतानासुद्धा काकांनी एवढी चौकशी केली नव्हती, हे त्यांची मुलगी, म्हणजे दादाची बहीण, आमची ताई स्वतःच म्हणाली. ती आणि भावोजी न्यू जर्सीहून व्हिडिओवर होते. भावोजींनी विचारलं, "बिनखिडकीची आतली केबिन कितीला पडते?"

दादाने चष्मा काढून पुसला. "1867 साली अमेरिकेने अख्खं अलास्का रशियाकडून 72 लाख डॉलरला घेतलं. तो सौदा करणाऱ्या सेवर्डला लोकांनी वेड्यात काढलं. आज कोण वेडा ठरलं?"

"त्यात जेवणखाण धरलं होतं का?" भावोजी म्हणाले.

बाल्कनीच्या केबिनी ठरल्या. भावोजींची आतली.

तारखांचा काथ्याकूट त्याहून मोठा झाला. मे महिन्यात पाऊस कमी, दरही कमी, पण शाळा चालू. जुलै-ऑगस्टमध्ये सामन मासे नद्यांतून वर चढतात आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात, पण गर्दी आणि दर अस्वलांच्याही आधी येतात. शेवटी जूनचा अखेरचा आठवडा पक्का झाला. जहाजही दादाने ग्लेशियर बेमध्ये जाणारंच धरलं होतं, कारण त्या राष्ट्रीय उद्यानात मोठ्या प्रवासी जहाजांना रोज दोनच अशी मर्यादा आहे, आणि मर्यादा म्हटली की दादाला चढतं. "जूनोला त्या दिवसांत रात्री दहानंतर सूर्य मावळतो," त्याने काकूंना सांगितलं.

"मग दिवा कधी लावायचा?"

"लावायचाच नाही, आई. जहाजावर उदबत्तीसुद्धा चालत नाही."

काकू गप्प झाल्या. मला वाटतं, सहल रद्द व्हायला सगळ्यात जवळ आम्ही त्या क्षणी आलो होतो.

मग कागदपत्रं. आमच्या एका कुटुंबात तीन तऱ्हेची माणसं निघाली. दादाच्या घरी चौघांचे निळे पासपोर्ट, ताई-भावोजींकडे ग्रीन कार्ड, आणि काका-काकू भारतीय पासपोर्टवर पर्यटक. जहाज सिएटलहून निघून सिएटललाच येणार, बंदरं जूनो, स्कॅग्वे, केचिकान, सगळी अमेरिकेतलीच. पण परतीच्या वाटेवर कॅनडातलं व्हिक्टोरिया. म्हणजे काका-काकूंना कॅनडाचा व्हिसा, आणि शिवाय अमेरिकेचा व्हिसा अनेकदा आत येऊ देणारा आहे ना, याची खातरजमा. "मधेच कॅनडा कशाला?" काकांनी चिपळूणहून विचारलं. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून दादा कित्येक महिने वाट बघत होता.

त्याचं उत्तर 1886 सालापासून सुरू होतं. त्या साली अमेरिकेने कायदा केला की परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं घेऊन दुसऱ्या बंदरात सोडायची नाहीत. ही भलीमोठी जहाजं पनामा, बहामा, बर्म्युडा असले झेंडे लावून फिरतात. त्यामुळे सिएटल ते सिएटल अशी फेरी मारायची तर वाटेत एका परक्या देशाला पाय लावून यावंच लागतं. ऐकून काका म्हणाले, "म्हणजे इंग्लंडच्या राणीच्या काळातला कायदा, आणि ठसे द्यायला मुंबईला मी जायचं." दोघं गेले. जाताना काकूंनी दादरला कोकमं घेतली, त्यामुळे फेरी अगदीच फुकट गेली असं म्हणता येत नाही.

काका-काकू सिएटलला पोचल्यावर सामानाचा अध्याय दादाने स्कॅग्वेच्या इतिहासाने उघडला, आणि ते त्याला भोवलं. 1897-98 मध्ये क्लोंडाइकला सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि हजारो माणसं स्कॅग्वेच्या बाजूने डोंगर चढायला लागली. वर खिंडीत कॅनडाचे घोडदळवाले पोलीस उभे. वर्षभर पुरेल एवढा शिधा बरोबर असेल तरच पुढे सोडायचे. अवजारं, तंबू धरून माणशी जवळपास टनभर सामान. लोकांनी ते पाठीवरून खेपा करकरून वर नेलं. ही हकिकत दादाने एवढ्यासाठी सांगितली, की पुढे त्याच डोंगरातून व्हाइट पासची रेल्वे गेली आणि तिची तिकिटं त्याने काढली होती. काकूंनी त्यातून भलतंच उचललं.

"बरोबर होतं त्या पोलिसांचं," त्या म्हणाल्या आणि आणखी एक बॅग उघडली.

दादाची यादी वेगळी होती. आतून थर्मल, त्यावर लोकरीचं, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट. थर्मलची दहा पाकिटं कॉस्टकोतून आली. दुर्बिणी आल्या. केबिनच्या भिंती लोखंडी असतात म्हणून लोहचुंबकाचे आकडे आले, ओली जाकिटं टांगायला. जे न्यायचं नाही त्याची यादी वेगळी, लाल अक्षरात: इस्त्री, विजेची किटली, भात लावायचा कुकर, मेणबत्ती. घरी केलेलं खाणं नाही, दुकानातलं सीलबंद असेल तरच. काकूंनी ही यादी शांतपणे वाचली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर चितळ्यांच्या बाकरवडीची रिकामी पाकिटं ओळीने उभी होती आणि काकू एकेकात घरचा पातळ पोह्यांचा चिवडा भरत होत्या. भरून झालं की तोंड दुमडून त्यावर स्टेपलरच्या तीन टाचण्या. मेतकुटासाठी त्यांनी मिसरीची डबी धुऊन ठेवली होती. दादाने एक पाकीट उजेडाला धरून पाहिलं, टाचण्या मोजल्या आणि खाली ठेवलं. आईपुढे त्याचा नियम चालत नाही, हे त्याच्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही.

काकांचा प्रश्न चहाचा. पहाटे पाचला आलं घालून उकळलेला चहा लागतो. "वरच्या मजल्यावर गरम पाणी असतं, बाबा."

"गरम पाणी घशाला. चहा उकळावा लागतो."

त्यावर दादाकडे अजून तोडगा नाही. यादीत ती एकच ओळ पिवळी आहे.

पण दादाचा खरा पराक्रम म्हणजे रंगीत तालीम. बोट लागण्याचा धोका आधी तपासायला हवा, म्हणून एका रविवारी त्याने आम्हा सिएटलकरांना, काका-काकूंसकट, बेनब्रिज बेटाच्या फेरीवर चढवलं. पस्तीस मिनिटांचा प्रवास. जूनची लख्ख दुपार, आजूबाजूला लोक अर्ध्या चड्डीत, आणि आमच्यावर सांगितल्याप्रमाणे तीन-तीन थर. दादाच्या खिशात मळमळीच्या गोळ्या, पिशवीत आल्याच्या वड्या, हातात घड्याळ. दर दहा मिनिटांनी तो प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून विचारत होता, "कसं वाटतंय?" सगळ्यांना उकडत होतं. मळमळ कुणालाच नव्हती. काकांनी बेटावर उतरून दोन आइस्क्रीम खाल्ली आणि येताना डेकवर झोप काढली. दादा हिरमुसला. गोळ्यांच्या चार डब्या आणल्या होत्या त्याने.

केचिकानला वर्षाला साधारण 150 इंच पाऊस पडतो, तेव्हा छत्र्या नकोत, टोपीची जाकिटं घ्या, असं त्याने त्याच फेरीवर सांगितलं. काका अर्धवट झोपेत म्हणाले, "आंबोलीला याहून पुष्कळ पडतो. आणि तिथे एसटी जाते."

निघायच्या आदल्या रविवारी शेवटची बैठक झाली. टीव्हीवर एक्सेलचा तक्ता, आडवे वार, उभी माणसं. जूनोला मेंडेनहॉलची हिमनदी आणि देवमासे, स्कॅग्वेला आगगाडी, केचिकानला लाकडी कोरीव खांब. ग्लेशियर बेच्या दिवशी जहाजातून उतरायचंच नाही, राष्ट्रीय उद्यानाची माणसंच जहाजावर येऊन माहिती सांगतात. यावर काका खूश झाले. रकाने भरत भरत दादा व्हिक्टोरियापर्यंत आला. "इथे आपण रात्री आठला पोचतो. अकराला निघतो. बागा बंद असतील, पण बंदरावरचे दिवे छान दिसतात. चालत अर्धा तास."

"रात्री आठला?" काकांनी विचारलं.

"हो."

"साडेआठला जेवून मी झोपतो. मी नाही उतरणार."

काकूही उतरणार नव्हत्या. त्यांचे गुडघे. खोलीत कुणी बोलेना. मुंबईच्या खेपा, फोटो, ठसे, बँकेचे कागद, सगळं दादाच्या तोंडावरून सरकताना आम्हाला दिसलं. पण मुकादम तो मुकादम. त्याने काका-काकूंच्या रकान्यात 'जहाजावर विश्रांती' असं टाइप केलं, पुढे कंसात 'कॅनडाचा व्हिसा आहे' असं लिहिलं आणि वळून म्हणाला, "फुकट नाही गेलेला, बाबा. जहाज कॅनडात शिरणार म्हटल्यावर नुसतं झोपून राहायलासुद्धा व्हिसा लागतो."

"घोरायचा वेगळा लागत असेल तर आत्ताच सांग," काका म्हणाले.