प्रकरण दुसरे: वारस आणि वाटण्या

रत्नागिरी जिल्ह्यात आंब्यावर प्रबंध लिहायला बसलेला विद्यार्थी पहिले वाक्य कोणते लिहील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आंबा हा फळांचा राजा आहे. या शोधासाठी पीएच.डी.ला नाव नोंदवण्याची गरज नसते, पण त्यावाचून पान पुढे सरकत नाही. तेवढे आपण राजनिष्ठा म्हणून सोडून देऊ. खरा घोळ होतो तो प्रकरण दुसऱ्यात, ‘संबंधित संशोधन साहित्याचा आढावा’ या भारदस्त मथळ्याखाली. तिथे परिच्छेदागणिक एक विद्वान येतो, ‘असे यांनी प्रतिपादन केले आहे’ एवढी नोंद करून जातो, आणि साठ विद्वान येऊन गेले तरी एकाची दुसऱ्याशी ओळख होत नाही. माझे म्हणणे असे, की सातबारा वाचावा तसे हे प्रकरण लिहावे. कोकणात दहा गुंठ्यांवर चाळीस नावे असतात, पण ती हजेरी नव्हे. कोणाचे नाव कोणत्या फेरफाराने चढले, कोण कोणाचा वारस, ‘इतर हक्कां’त कूळ म्हणून कोण बसले आहे आणि मुंबईच्या कोणत्या चुलत्याने अजून सही दिलेली नाही, हे कळल्याशिवाय त्या जमिनीवर शहाणा माणूस घर बांधत नाही. प्रबंध मात्र खुशाल बांधतात.

याचा पुरावा जिल्ह्यातच आहे, आणि तोही योगायोगाने वाटण्यांच्याच ग्रंथाचा. नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ हा सतराव्या शतकातला ग्रंथ वारसा, कर्ज आणि तंटे यांचा निवाडा सांगतो. दापोलीजवळच्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी तो १८८० साली इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चिपळूणजवळ पांडुरंग वामन काणे जन्मले. ‘मंडलिकांनी केले आहे, आता आम्ही काय करणार’ असे न म्हणता काण्यांनी १९२६ साली त्याच ग्रंथाची आपली आवृत्ती काढली. (इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांच्या लेखी मयूखाचा वरचष्मा गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात, रत्नागिरीत मान त्याहून जुन्या मिताक्षरा या ग्रंथाला. म्हणजे दोघेही शेजाऱ्यांच्या भांडणात पडले होते, आणि या कलेत आमचा जिल्हा कधीच मागे नव्हता.) त्या आवृत्तीला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, एवढाच काण्यांचा बेत होता. ती प्रस्तावना १९३० ते १९६२ या काळात पाच खंड आणि सुमारे साडेसहा हजार पाने भरून उरली, आणि १९६३ साली लेखकाला भारतरत्न मिळाले. हा त्यांचा पहिला गुन्हाही नव्हता. ‘साहित्यदर्पणा’च्या आवृत्तीची प्रस्तावना अशीच फुगत जाऊन संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास झाली होती.

धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणजे अस्सल आढावाच आहे. ज्यांचा आढावा घ्यायचा ते ग्रंथकार प्रस्तावनेखाली गाव आणि तारीख घालणाऱ्यांतले नव्हते. मग क्रम लावायचा कसा? कोण कोणाचे नाव घेतो, यावरून. मिताक्षरेत विश्वरूपाचा उल्लेख येतो, तेव्हा विश्वरूप आधीचा. नीलकंठ मिताक्षरेशी वाद घालतो, तेव्हा तो नंतरचा. ज्याचा ग्रंथ हरवला, तोही दुसऱ्याच्या खंडनात जिवंत सापडतो. ही पद्धत आजही चालते. एका प्रबंधात संदर्भाचे साल चुकीचे छापले गेले आणि शोधगंगेवर पुढच्या पाच प्रबंधांत तेच साल तसेच आढळले, तर मूळ पुस्तक कोणी उघडले नव्हते हे सिद्ध होते, आणि वंशावळही आपोआप तयार होते.

यावर कोणी म्हणेल, काण्यांची गोष्ट वेगळी; त्यांना बत्तीस वर्षे मिळाली, आमची फेलोशिप त्याच्या कितीतरी आधी संपते. खरे आहे, आणि प्रस्तावना ग्रंथाला गिळते तेव्हा प्रत्येक वेळी भारतरत्न मिळतेच असे नाही. पण काण्यांकडून घ्यायची ती पाने नव्हेत, तो क्रम लावण्याचा खाक्या घ्यायचा. थांबायचे कधी, यालाही साधी खूण आहे: नवा लेख उघडला आणि त्याच्या संदर्भसूचीतली महत्त्वाची नावे सगळी ओळखीची निघाली, की पुरे.

दुसरा आक्षेप जास्त लाडका: ‘माझ्या विषयावर आजवर कोणी कामच केलेले नाही.’ शीर्षकात तालुका बदलला की असे वाटू लागते. विषय नवा असू शकतो. प्रश्नाला मात्र भाऊबंद असतातच. हापूसमधला साका घ्या. फळ बाहेरून देखणे, आत गर पांढरट आणि पोकळ. कोणी दोष जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेला देतो, कोणी कॅल्शियमच्या कमतरतेला, तर कोणी कोयीला फळातच रुजण्याची घाई होते म्हणतो. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका न होणारी ‘रत्ना’ जात काढली, ती वाट आणखी निराळी. हे सगळे सालवार लिहिले तर रेल्वेचे वेळापत्रक होते. पक्षवार लिहिले की भांडण दिसते: उष्णता हेच कारण, की कोय रुजण्याला ती केवळ निमित्त? असा प्रश्न हाती आला की तालुका कोणता, याला फारसे महत्त्व राहत नाही. आपल्या शास्त्रकारांना हे पक्के ठाऊक होते. पूर्वपक्ष पुरता मांडल्याशिवाय ते स्वतःचे तोंड उघडत नसत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालवून घेतले आहे. तेव्हापासून ‘मत मांडले’चे ‘प्रतिपादन केले’ आणि ‘प्रतिपादन केले’चे ‘विशद केले’ करण्यात बरीच बुद्धी खर्च होते. तेवढ्याच श्रमात मूळ लेख वाचून होतो, पण हे मार्गदर्शकासमोर बोलण्यात अर्थ नाही. तेही त्याच वाटेने आलेले असतात.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे. बाहेरचे परीक्षक म्हणे प्रबंध मागून उघडतात आणि संदर्भसूचीत आधी स्वतःचे नाव शोधतात. शोधू देत. नाव जरूर घालावे, पण गर्दीत कोंबून नव्हे. त्यांचे म्हणणे कुठे पटते आणि कुठे अडते, हे आदराने सांगून. मौखिकीत ते बिथरतील ही भीती मला पटत नाही. आपले पुस्तक कोणीतरी शेवटपर्यंत वाचले आहे, या धक्क्यातून सावरून पुढचा प्रश्न विचारायला त्यांना बराच वेळ लागेल.