निःशंक विज्ञानाचा पुरस्कार

विज्ञान शिकवण्यातला खरा अडथळा म्हणजे विद्यार्थ्याच्या मनातली शंका, असे माझे ठाम मत आहे. ही शंका आपल्या शाळांतून आज ज्या वेगाने हद्दपार होत आहे, त्याबद्दल कुणी दोन चांगले शब्द लिहीत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. वर्गाच्या भिंतीवर भलेमोठे पॅनेल आले. बोट लावले की धडा सुरू होतो. पृथ्वी फिरते, हृदय धडधडते, आम्ल आणि आम्लारी भेटून क्षार व पाणी तयार होते, आणि घंटा होण्याआधी 'धन्यवाद' अशी पाटी येते. कुणाच्या गणवेशावर डाग नाही, कुणाच्या तोंडी प्रश्न नाही. एवढी शिस्त विज्ञानाच्या तासाला पूर्वी कधी साधली होती?

प्रत्यक्ष प्रयोगाने काय होते ते ज्यांनी वर्ग सांभाळला आहे त्यांना विचारा. साधा लोलक घ्या. दोरा, दगड, खिळा आणि घड्याळ, एवढेच साहित्य. पण एका गटाच्या वीस आंदोलनांना लागलेला वेळ दुसऱ्या गटाशी जुळत नाही. कुणी एकोणीसच मोजतो, कुणाचा दगड सरळ न झुलता गोल फिरू लागतो. जड दगड बांधला तर लोलक लवकर झुलेल अशी पैज लागते, ती पैज लावणारा हरतो आणि हरल्यावर कारण विचारतो. तास गेला! पडद्यावरच्या लोलकाला यातले काहीच होत नाही. त्याचा दोरा सुटत नाही, त्याला वारा लागत नाही, आणि गुरुत्वत्वरण दर वेळी ९.८ येते. निसर्गाला जे नेमकेपण जमत नाही ते ॲनिमेशनला जमते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आमच्या प्रयोगवहीची परंपराही याच दिशेने वाट काढत आली आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम छापलेला असतो, पण अनुभवी विद्यार्थी अनुमान आधी उतरवतो आणि निरीक्षण त्याला जुळवून घेतो. यात वेळ वाचतो, खाडाखोड होत नाही आणि सगळ्या वर्गाच्या वह्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात. दहावीला प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात. वर्षभर कुलूपबंद कपाटातल्या परीक्षानळ्यांना हात न लागताही ते बहुतेकांच्या पदरात जवळजवळ पूर्ण पडतात. उपकरणे शाबूत आणि निकालही शाबूत, असा मेळ दुसऱ्या कोणत्या विषयात दिसतो?

या पद्धतीला परदेशी संशोधनाचाही आधार आहे. पुढे 'व्हेरिटासियम' या चॅनेलमुळे जगभर पोचलेले डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात विज्ञानाच्या चित्रफितींवर पीएच.डी. केली. त्यांनी एका प्रकारच्या फितीत विषय स्वच्छ, सरळ आणि बिनचूक मांडला. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थ्यांच्या डोक्यातल्या चुकीच्या कल्पना आधी बोलून दाखवल्या, त्यांच्याशी वाद घातला आणि मग उत्तर दिले. पहिली फीत पाहणाऱ्यांना ती स्पष्ट आणि सोपी वाटली, त्यांचा आत्मविश्वास वाढला. चाचणीतली उत्तरे मात्र जवळपास होती तिथेच राहिली. दुसरी पाहणारे गोंधळले, त्यांना डोके खाजवावे लागले, आणि ते जास्त शिकले. आपल्याकडच्या धड्यांनी जवळजवळ एकमुखाने पहिला प्रकार निवडला आहे. पालकसभेत आत्मविश्वास दिसतो, गोंधळ दाखवता येत नाही. आणि मुलाचा आत्मविश्वास वाढावा असे कोणत्या पालकाला वाटत नाही?

स्वच्छ मांडणीचा ठसा किती खोल उमटतो याचा पुरावा १९८७ च्या 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या माहितीपटात आहे. हार्वर्डच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, असे विचारले. त्यातल्या २१ जणांना नीट सांगता आले नाही. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, हे आवडते उत्तर. खरे तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत ती सुमारे १५.२ कोटी किलोमीटर दूर असते. पण पुस्तकातली लांबुळकी कक्षा मनात अशी बसते की ती पदवीनंतरही हलत नाही. इतके टिकाऊ शिक्षण प्रयोगाने दिल्याचे मी ऐकलेले नाही.

या बाबतीत महाराष्ट्रावर तर काळाचीही कृपा आहे. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर, महिन्याच्या मध्यावर पुणे-मुंबई, शेवटच्या आठवड्यात नागपूर असा हा शून्य सावलीचा क्षण उत्तरेकडे सरकत जातो. त्या दिवशी मुंबईत मध्यान्ह घड्याळातल्या बाराला न होता साडेबारा उलटून गेल्यावर होते. नंतरचे काही आठवडे दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. एका काठीत अक्षांश, अक्षाचा कल, ऋतू आणि प्रमाणवेळ एवढे सगळे दडलेले आहे, आणि खर्च शून्य. असला बिनखर्चाचा, बिनपरवान्याचा प्रयोग मुलांच्या हाती लागला असता तर पॅनेलकडे कोण पाहणार? सुदैवाने मे महिन्यात शाळांना सुटी असते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य परत येतो तेव्हा आभाळ भरलेले असते. एखाद्या वर्षी ऊन पडलेच तर घटक चाचणी असते.

मध्य प्रदेशाला हे भाग्य लाभायला तीस वर्षे वाट पाहावी लागली. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत 'किशोर भारती' आणि रसूलियाच्या 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि विद्यापीठांतले शास्त्रज्ञ खेड्यातल्या गुरुजींबरोबर बसू लागले. सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या टोळीत प्रयोग करत, आपले निरीक्षण आपल्याच शब्दांत लिहीत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा खरोखर घेतली जाई. 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक पात्राला मुले पत्राने प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरे जात. पुढे 'एकलव्य' संस्थेने हे काम वाढवले, ते शेकडो सरकारी शाळांत पोचले. अखेर २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला आणि जिल्हा पुन्हा इतर जिल्ह्यांसारखा शिकू लागला. समानता म्हणतात ती हीच.

त्या काळात टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबादला गेलेले एक तरुण अभियंते मात्र प्रयोगाच्या या सवयीतून कधी बाहेर आले नाहीत. आयआयटी कानपूरचे अरविंद गुप्ता तिथल्या बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन बनवू लागले. त्रिकोण हलत नाही, चौकोन डुगडुगतो. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांनी का बनतात ते बोटांनाच कळते. पुढे पुण्याच्या 'आयुका'तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या छोट्या छोट्या फिती बनवल्या, अनेक भाषांत केल्या आणि फुकट दिल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझा आक्षेप आदरपूर्वक पण स्पष्ट आहे. डिजिटल माध्यमाचा हेतू मुलाला पडद्यासमोर बसवण्याचा. यांची फीत पाहिली की मूल दोन मिनिटांत उठते आणि घरात स्ट्रॉ, कात्री, जुना पेन शोधत फिरते. पुढचा भाग पाहायलाही थांबत नाही. ज्या फितीमुळे प्रेक्षक निघून जातात तिला यशस्वी कसे म्हणावे?

मोजमापाचा प्रश्नही आपण समाधानकारकरीत्या सोडवला आहे. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते. तिथे व्याख्या विचारत नाहीत. आलेख देतात, दोन दावे देतात आणि पुराव्यावरून कोणता टिकतो ते सांगा म्हणतात. आपली दोन्ही राज्ये तळाला राहिली. त्यानंतर २०१२, २०१५, २०१८ आणि २०२२ या फेऱ्यांत भारत उतरलाच नाही, त्यामुळे क्रमांक आणखी घसरण्याची वेळ आली नाही.

शंकेखोर माणसे म्हणतील की, चित्रपट आला, आता पुस्तके शाळेतून जाणार, असे एडिसनने १९१३ मध्येच सांगितले होते, आणि पुस्तके काही गेली नाहीत. २०१५ मध्ये 'ओईसीडी' या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही नोंदवले की, शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित आणि विज्ञानाच्या गुणांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. पण खर्च तर झाला ना? खर्चाची पावती असते, फलकाला रिबन लावता येते, छायाचित्र निघते. मुलाला एखादी गोष्ट कळली त्या क्षणाचे उद्घाटन कोणाच्या हस्ते करणार?

येत्या २८ फेब्रुवारीला सर्व शाळांत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होईल. १९२८ मध्ये रामन आणि कृष्णन यांनी कोलकात्यात प्रकाशाच्या विकिरणाच्या एका नव्या प्रकाराचा शोध लावला, तेव्हा त्यांच्याजवळ सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या आणि स्वतःचे डोळे एवढेच मुख्य भांडवल होते. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: त्या दिवशी खिडक्यांचे पडदे ओढून घ्या, पॅनेलवर रामन यांच्यावरची फीत शेवटपर्यंत दाखवा, आणि प्रश्नोत्तरांसाठी राखलेली दहा मिनिटे आभारप्रदर्शनाला द्या.