खर्रा, लाल कार्ड आणि दहा गुण

2024-25 ची प्रीमियर लीग आर्सेनलच्या हातून कोणी काढली, याचा निकाल चंद्रपूरच्या पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत लागतो. आरोपी ठरलेला: रेफरी. पुरावेही तोंडपाठ. ब्रायटनविरुद्ध डेक्लन राइसने चेंडू जरासा पायाने सरकवला, लगेच दुसरं पिवळं कार्ड. मँचेस्टर सिटीविरुद्ध ट्रोसार्डचं तेच. वुल्व्हजविरुद्ध तर कोवळ्या लुइस-स्केलीला थेट लाल, आणि ते पुढे अपिलात रद्दही झालं! ‘पाह्य, मी म्हनलो होतो ना बे?’ पन्नी चोळणाऱ्या हाताला आणखी जोर चढतो.

हिशेब मात्र मांडायचा नाही. पहिले दोन सामने बरोबरीत सुटले, म्हणजे गेले चार गुण. वुल्व्हजला तर हरवलंच होतं. लिव्हरपूल पुढे राहिलं दहा गुणांनी. उरलेले सहा कोणत्या रेफरीने खिशात घातले, असं विचारलं की ठेल्यावर लोडशेडिंग. मग कोणीतरी 2004 काढतो. एकही सामना न हरता जिंकलेली ती लीग! सांगणारा तेव्हा पाळण्यात होता, पण आवाज डगआउटमध्ये बसून आल्यासारखा. 2023, 2024, 2025 असा सलग तीनदा दुसरा नंबर आला, हे त्याच्या मते पुढच्या विजेतेपदाचं तारण आहे.

लंडनमधला ऑफसाइड मोबाइलच्या तडकलेल्या काचेवर ओळखणारी ही नजर. गावच्या मैदानावर लाइनमन हवा होता, म्हणून विचारलं.

‘नाही भाऊ,’ तो म्हणाला, ‘लोकं लय शिव्या देते.’