माय प्लेजर

अटलांटा

ती. माय आणि अण्णांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. बाळ्याने दहावीच्या अभ्यासासाठी 'प्लीजिंग' आणि 'प्लीज्ड'मधला फरक विचारला होता. त्याला सांगा, आनंद देणाऱ्याच्या मागे आयएनजी, आनंद घेणाऱ्याच्या मागे ईडी. गाणं प्लीजिंग, ऐकणारा प्लीज्ड. मजा मारणाऱ्याच्या मागे ईडी लागते, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजवायला नको. डिलाइट तेवढा अडेलतट्टू: माणूस डिलायटेड, पण वस्तू डिलाइटफुल.

इथं चिक-फिल-ए नावाची कोंबडीची दुकानं आहेत, कंपनी याच गावची. आम्ही जातो ते तळलेल्या बटाट्यासाठी. तिथं कुणालाही थँक यू म्हणा, उत्तर एकच: 'माय प्लेजर'. म्हणजे तुमचं काम केलं, त्यात आनंद माझाच. संस्थापक ट्रुएट कॅथी यांनी हे एका बड्या हॉटेलात ऐकलं आणि आपल्या पोरांना लावून दिलं. परवा हिने सॉसची जादा पुडी मागितली, माय प्लेजर. कागदी रुमाल मागितला, माय प्लेजर. आपली चिमी कानाशी येऊन म्हणते, "बाबा, ही दुकानातली ताई सारखी मायला का हाक मारतीय?" तिला माय म्हणजे परभणीची तूच.

ऑफिसात तर साधं खूश कुणी होतच नाही. मीटिंग अर्धा तास पुढे गेली तरी साहेब 'थ्रिल्ड'. आता 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारे आपण, अतिशयोक्ती आपल्याला कळते. पण ती गावापुरती, जेवणाला नाही. अण्णा दह्यासंगं चार धपाटे संपवून हात धुताना "बरे झाले होते" म्हणायचे आणि माय, तू दिवसभर गुणगुणत फिरायचीस. इथल्या भावाने त्या एका 'बरे'चे किमान तीन थ्रिल्ड होतील.

आणखी एक. 'आम्ही खूप एन्जॉय केलं' हे गंगाखेडच्या लग्नात चालतं. इंग्रजीच्या पेपरात काय एन्जॉय केलं ते लिहावं लागतं, नाहीतर 'एन्जॉइड अवरसेल्व्ज'. वेटर मात्र ताट ठेवून नुसतं 'एन्जॉय!' म्हणून पसार होतो. त्यांची भाषा, त्यांना माफ.

बाळ्याला शेवटची ताकीद: कुणाला खूश करायचं असेल तर क्रियापद 'प्लीज' वापर, 'प्लेजर' नाही. प्लेजरचं क्रियापद केलं की अर्थ भलताच चावट होतो. का, ते मास्तरांना विचारू नकोस.

आपला आज्ञाधारक