अंगावर काटा, हातात दंडुका

भोरहून रायरेश्वराकडे निघालं की वाटेत आंबवडे लागतं. झुलता पूल, नागेश्वराचं देऊळ, आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्या. कान्होजींचं ठीक आहे, कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली टिळकांनी छापली, तिथे तारीखवार नोंदी आहेत. जिवा महालाच्या वाट्याला मात्र १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड, शिवाजी महाराजांवर हात उगारणाऱ्या, अफझलखानाच्या सय्यद बंडावरचा एक वार आणि 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही एक म्हण. बाकी सगळं चाहत्यांनी लिहिलेलं.

हल्लीची पोरं याला फॅनफिक्शन म्हणतात. आवडत्या पात्राची मागची-पुढची गोष्ट आपण रचायची. आपल्याकडे याचं कौतुक कुणाला? कर्णावर शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' लिहिलं, रणजित देसाईंनी 'राधेय', आणि दोन्ही घराघरांत गेली. आता जिवाचं बालपण, जिवाची आई, जिवाचा घोडा, सगळं क्रमशः चालू आहे. लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. बिनपैशाचं काम, हौसेनं करतात. भांडण अभिप्राय देणाऱ्यांशी आहे.

त्यांचे दोन पक्ष. पहिला काटा पक्ष. 'अप्रतिम! अंगावर काटा आला. पुढचा भाग लवकर टाका.' कथेत जिवाची आई पहाटे उठून चहा टाकते. १६५९ च्या मावळात! पण काटा आलेल्याला कपबशी दिसत नाही. दुसरा पुरावा पक्ष. आईनं लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला की हा विचारणार, 'संदर्भ द्या.' अहो, गोष्ट आहे ती, दरखास्त नाही! यातले काही जण पुढे सरकून लेखकाची जात, गाव, लायकी काढतात, आणि तरीही गंमत अशी की चहा यांच्याही नजरेतून सुटलेला असतो.

लेखकही कमी नाहीत. 'पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या' असं वर लिहून भाग सत्तावीस टाकतात. कुणी चहाचा विषय काढलाच तर 'तुम्ही लिहून दाखवा' हे उत्तर तयार. आचाऱ्याला मीठ जास्त झालं म्हणून सांगायला स्वतः पंगत उठवावी लागते का?

मला विचाराल तर शिष्टाचार जिवाकडूनच शिकावा. त्यानं वर उठलेला हात तेवढा तोडला, सय्यद बंडाचं खानदान काढलं नाही. तसं चुकलेलं वाक्य दाखवावं, का चुकलं ते सांगावं आणि थांबावं. लेखकाला कोणती गोष्ट सांगायची होती, हे आधी समजून घ्यावं. जिवाच्या आईची गोष्ट लिहिणाऱ्याला अफझलखानाच्या फौजेचा हिशेब मागू नये. आणि लेखकानं 'टीका नको' असं स्पष्ट लिहिलं असेल तर गप्प बसावं. हौसेच्या लिखाणाला तेवढा हक्क आहे. पुस्तक छापून किंमत लावली की तो हक्क संपला.

हे जमतच नाही असं कुणी म्हणू नये. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. पाठ थोपटण्याच्या दोन ओळी लिहून त्यांना सुटता आलं असतं. त्यांनी शिवचरित्रातल्या अवघड प्रश्नांवर पानंच्या पानं लिहिली, आणि देसाईंनी ती आपल्याच कादंबरीच्या दारात उभी केली. लिहिणारा आणि वाचणारा, दोघांनाही यात कमीपणा वाटला नाही. आज एवढं लांब कुणी लिहिलं तर लेखक आधी विचारेल, 'सर, आवडली की नाही तेवढं सांगा.'

तेव्हा काटा पक्षाला विनंती, पुढच्या भागाची घाई करण्याआधी आवडलेलं एक वाक्य तरी नाव घेऊन सांगा. पुरावा पक्षाला विनंती, भाग आधी पूर्ण वाचा. आणि लेखकमहाशय, तेवढा चहा काढा.